औषधानंतरचं जगणं

डॅप्सोनच्या गोळ्यांनी कुष्ठरोग आटोक्यात येऊ लागला, तरी बऱ्या झालेल्या माणसाला घरचं दार बंदच होतं. जगण्याचा अर्थ सुखसोयींत असता, तर दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर त्याला पुरलं असतं. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. बोटं झडलेल्या हातांनी तिथे विहिरी खणल्या. संवेदना गेलेल्या तळव्याला कुदळीच्या दांड्याने जखम झालेली कळत नाही; काम संपल्यावर हात डोळ्यांनीच तपासावे लागतात. एवढे कष्ट कशासाठी? पिकवलेली भाजी दुसऱ्याच्या ताटात जावी म्हणून. सुरुवातीला गावकरी ती घेत नसत, पुढे घेऊ लागले. १९६०च्या दशकात तर तिथे बाहेरच्या मुलांसाठी महाविद्यालय निघालं. आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीवच मला इथे निर्णायक वाटते.

मग ज्याला काम झेपतच नाही, त्याचं आयुष्य निरर्थक का? आक्षेप गंभीर आहे. पण गरज काही फक्त श्रमांची नसते. अंथरुणाला खिळलेली आजी नातवंडांना हवीच असते, आणि तिला ते ठाऊक असतं. ते तिला जाणवू देणं हे भोवतालच्यांचं काम आहे, तिचं नव्हे.