बॅटरी वारंवार उतरते तेव्हा

मोटारीची बॅटरी उतरली की ती बदलावी आणि प्रश्न मिटवावा, हा समज आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, कित्येक निर्दोष बॅटऱ्या कोणत्याही तपासाविना भंगारात जातात आणि नवीची रक्कम मोजूनही गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा धक्क्यावर येते. वास्तविक बॅटरी उतरणे हे केवळ लक्षण होय. कसूर खुद्द बॅटरीची असेल, तिला भरणाऱ्या अल्टरनेटरची असेल, अथवा गाडी बंद असताना वीज ओढणाऱ्या एखाद्या उपकरणाची असेल, आणि याचा निवाडा बव्हंशी साध्या मल्टिमीटरने होतो.

दिवे लागतात, हॉर्न वाजतो, त्या अर्थी बॅटरी शाबूत आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. कारण दिव्यांना काही ॲम्पियर पुरतात, तर सेल्फला क्षणभर शंभराहून अधिक लागतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, 12.2 असेल तर सुमारे निम्मी आणि 12 च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. भरलेली असूनही सेल्फ मारताना दाब साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर मात्र तिची मुदत संपली.

उतरलेली बॅटरी जागच्या जागी दहा मिनिटे इंजिन चालवून भरत नाही. तिला कित्येक तास लागतात. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत दाब 13.8 ते 14.5 व्होल्ट असला म्हणजे अल्टरनेटर आपले काम बजावतो आहे. त्याची परीक्षा म्हणून चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची जुनी रीत आजही काही ठिकाणी चालते. ती सर्वथा त्याज्य आहे, कारण त्या क्षणी उसळणारा दाब गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जाळू शकतो.

‘गाडी बंद, म्हणजे वीजही बंद’ हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. घड्याळ, सेंट्रल लॉक, संगणकाची स्मृती यांसाठी साधारण 50 मिलिॲम्पियरपर्यंतचा प्रवाह चालूच राहतो. तेवढ्यानेही 35 ॲम्पियर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते, मग डिकीतला न विझलेला दिवा किंवा मागाहून बसवलेला कॅमेरा अर्धा ॲम्पियर ओढू लागला तर तीन दिवसही पुरेत. गळती शोधण्यासाठी सर्व दारे बंद करून निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची तार यांच्यामध्ये दहा ॲम्पियरच्या पल्ल्यावर मीटर जोडावा, गाडीतील संगणक निद्रिस्त होईपर्यंत अर्धा तास थांबावे आणि मग एकेक फ्यूज काढीत जावे. ज्याच्या निघण्याने आकडा एकदम उतरेल, त्या शाखेत दोष आहे. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरच्या डायोडचा संशय धरावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नये.

राहता राहिली गोष्ट पाण्याची: झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पातळी उतरल्यास आम्ल ओतू नये, डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर ही पातळी वरचेवर पाहावी, कारण उष्णतेनेच बॅटरीचे आयुष्य अधिक खर्ची पडते.

तेव्हा नवी बॅटरी घेण्यापूर्वी गॅरेजवाल्याकडून विश्रांतीचा दाब, इंजिन चालू असतानाचा दाब आणि बंद गाडीतील गळती, हे तीन आकडे लेखी मागून घ्यावेत.