उच्च रक्तदाब, विषाणुजन्य ज्वर आणि हृदय : रोगप्रतिकारक पेशींचा दुवा

सन २०२०च्या उन्हाळ्यात कोविड-१९च्या मृत्युदरामुळे जळगाव जिल्ह्याचे नाव राज्यभर चिंतेने घेतले जात होते. गंभीर रुग्णांत उच्च रक्तदाब असणाऱ्यांची संख्या मोठी असल्याचे जगभर दिसून आले. वय व मधुमेह हे घटक त्यात मिसळलेले होतेच. तथापि फुप्फुसांच्या विकारासोबत अनेकांच्या हृदयासही इजा झाली. ही इजा कशी होते, हे पाचोरा परिसरातील वैद्यबंधू व औषधविक्रेते यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

उच्च रक्तदाब हा केवळ धमन्यांतील दाबाचा विकार नव्हे. सन २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी टी व बी या दोन्ही प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन-२ दिले. त्यांचा रक्तदाब अपेक्षेइतका वाढला नाही. टी-पेशी परत देताच तो वाढला. म्हणजेच या पेशी रोगाच्या भागीदार आहेत. दीर्घकाळ रक्तदाब वाढलेल्या व्यक्तीत टी-पेशी व भक्षकपेशी धमन्यांच्या भित्ती, वृक्क व हृदयाचे स्नायू यांत शिरून सूक्ष्म शोथ जागता ठेवतात. कालांतराने हृदयस्नायूत तंतुमय काठिण्य येते. रुग्णास मात्र काहीच जाणवत नाही.

अशा शरीरात विषाणूचा प्रवेश झाला की आधीच उत्तेजित असलेल्या पेशी अवास्तव प्रतिसाद देतात. बर्लिन व लाइपझिग येथील रुग्णांवरील, डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उच्च रक्तदाब असणाऱ्या कोविडरुग्णांच्या श्वसनमार्गातील पेशींत शोथकारक संदेशद्रव्यांचे प्रमाण अधिक आढळले आणि विषाणूचा निचराही विलंबाने झाला. अशी द्रव्ये रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचतात, स्नायूंस इजा करतात व रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवितात. हा धोका कोविडपुरता मर्यादित नाही. कॅनडातील सन २०१८च्या अभ्यासानुसार इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहापट होते.

यातून व्यवहारात काय घ्यावे?

पहिली बाब : ज्वरात रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू देऊ नये. ब्राझीलमधील ६५९ कोविडरुग्णांवरील चाचणीत (२०२१) एसीई-रोधक व तत्सम औषधे थांबविल्याने कोणताही लाभ झाला नाही. वांती, अतिसार वा जलक्षय होऊन रक्तदाब उतरला असेल, तर मात्रेचा निर्णय उपचार करणाऱ्या चिकित्सकाने घ्यावा.

दुसरी बाब आपल्याच शास्त्राशी संबंधित आहे. ज्वर-कासात ज्येष्ठमधाचा काढा सर्रास दिला जातो. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास, विशेषतः तो मूत्रल गोळी घेत असल्यास, हे द्रव्य टाळावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके आणि फेनिलएफ्रिनयुक्त सर्दीच्या गोळ्या यांबाबतही तीच सावधगिरी हवी.

तिसरी बाब : छातीत दुखणे, धाप, धडधड, मूर्च्छा अथवा ज्वर उतरल्यावरही पायांवर सूज व असह्य थकवा दिसल्यास विलंब न करता ईसीजी व ट्रोपोनिन तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

आम, शोथ वा ओज यांचे आधुनिक पेशीविज्ञानाशी एकास एक समीकरण मांडण्याचा मोह येथे टाळलेला बरा. परंतु हृदयाची गणना त्रिमर्मांत करणाऱ्या परंपरेने मर्माचे रक्षण हे चिकित्सेचे कर्तव्य मानले आहे. ज्वराचा रुग्ण समोर येताच ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे काय?’ हा प्रश्न आपण विचारावा आणि रक्तदाब मोजल्याविना त्यास घरी धाडू नये. दुकानाच्या गल्ल्यावर औषध मागणाऱ्यासही हाच प्रश्न विचारता येतो. त्यास खर्च काहीच नाही.