कंपनी गेली तरी विमा जाऊ देऊ नका

माझा एक जुना विद्यार्थी आहे. तालुक्याच्या रस्त्याला त्याचे लहानसे दुकान आहे. विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी तो भरून देतो. एके दिवशी तिन्हीसांजेला तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. तोंड उतरलेले होते. हातात एक कागद होता.

"गुरुजी, एवढं जरा बघा," तो म्हणाला. "मी दोनदा वाचलं, पण उलगडा होईना."

तो कागद त्याच्या आरोग्य विम्याच्या कंपनीकडून आला होता. कंपनी आपला कारभार बंद करणार होती. तिचे सारे विमे दुसऱ्या एका कंपनीच्या हवाली होणार होते.

"म्हणजे दोन वर्षं भरलेले हप्ते पाण्यात गेले म्हणायचे!" तो म्हणाला. "सकाळी एक एजंट आला होता. तो म्हणतो, जुनं सोडा, आमच्या कंपनीत नवा विमा काढा, हप्ता कमी बसेल. काढू का, गुरुजी?"

मी म्हणालो, "थांब. आधी चहा घे. सही कुठंच करू नकोस. अशा कागदाच्या बाबतीत मी एकदा चुकलोय. त्या चुकीची किंमत मला ठाऊक आहे."

मंडळी, त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितले, तेच इथे लिहितो. आज ना उद्या असा कागद कोणाच्याही दारी येईल.

विमा म्हणजे काय?

समजा, एका गावात शंभर घरे आहेत. दर वर्षी प्रत्येक घराने थोडे थोडे पैसे एका पेटीत टाकले. वर्षभरात ज्या घरी मोठे दुखणे आले, त्या घराला पेटीतून इस्पितळाचा खर्च मिळाला. ज्यांच्या घरी दुखणे आले नाही, त्यांना काही मिळाले नाही. पण त्यांची रात्रीची झोप निर्धास्त झाली. विमा हा असा आहे. ती बचत नव्हे. ती एकमेकांना दिलेली टेकणी आहे. पेटी सांभाळण्याचे काम कंपनी करते.

आता कोणी म्हणेल, "मग मी दुखणे आल्यावरच विमा काढीन." तसे सगळेच करू लागले तर पेटी रिकामी होईल. म्हणून विम्यात एक नियम असतो. विमा काढण्याच्या आधीपासून जे दुखणे अंगात आहे, त्याचा खर्च लगेच मिळत नाही. काही काळ थांबावे लागते. हा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे असावा, असा नियम २०२४ साली झाला.

माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोला साखरेचा आजार आहे. विमा काढतानाच त्याने तो कागदावर लिहून दिला होता. थांबण्याच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षे सरली होती. एकच वर्ष उरले होते.

मी त्याला विचारले, "तू आंब्याचं कलम लावलंस. तीन वर्षांनी फळ येणार. दोन वर्षं त्याला पाणी घातलंस. आता ते उपटून दुसरं रोप लावलंस, तर फळ कधी येईल?"

"पुन्हा तीन वर्षांनी," तो म्हणाला.

"मग तोच हिशेब इथं लाव. तुझी खरी कमाई ही दोन वर्षं आहेत. कंपनी गेली तरी ती दोन वर्षं जाता कामा नयेत. नवा विमा कोरा काढलास, तर ती गेलीच म्हणून समज."

माझी चूक

पुष्कळ वर्षांपूर्वी मलाही असेच एक पत्र आले होते. आमची कंपनी चालू होती. पण आम्ही घेतलेली योजना ती बंद करणार होती. अमुक तारखेपर्यंत दुसरी योजना निवडा, असे पत्रात लिहिले होते. मी पत्र वाचले आणि कोनाड्यात ठेवले. सवडीने बघू, म्हटले. शाळेच्या परीक्षा आल्या, नंतर घरातले लग्न निघाले. तारीख उलटून दोन महिने झाले, तेव्हा आठवण झाली. मग मी धावतपळत नवा विमा काढला.

दुसऱ्या वर्षी आमच्या घरातून यांना दम लागू लागला. इस्पितळात न्यावे लागले. त्यांना रक्तदाबाचा जुना विकार होता. नव्या विम्यात त्यासाठी थांबण्याचा काळ संपला नव्हता. जुन्या विम्याची चार वर्षे खंड पडल्यामुळे हिशेबात धरली गेली नाहीत. इस्पितळाचे बिल आम्ही पदरचे भरले. गाठीचे पैसे पुरले नाहीत. त्यांच्या आईने दिलेल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यांचा मोकळा हात मी रोज बघतो.

मी शाळेचा मुख्याध्यापक. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. ते पत्र मला वाचता आले, पण वाचून मी जागचा उठलो नाही. म्हणून नव्याने वाचू लागलेल्या माझ्या भावाबहिणींना मी सांगतो, वाचणे हे अर्धे काम आहे. वाचून उठणे हे दुसरे अर्धे.

कंपनी गेली म्हणजे काय होते?

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी एक सरकारी संस्था आहे. तिचे नाव भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण. तिची मुख्य कचेरी हैदराबादेस आहे. कंपनीला मनाला येईल तेव्हा कुलूप लावून निघून जाता येत नाही. या संस्थेच्या नियमांप्रमाणे वागावे लागते.

एक खरी हकीकत सांगतो. रिलायन्स हेल्थ इन्शुरन्स नावाची कंपनी २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. लोकांची देणी भागवता यावीत म्हणून प्रत्येक कंपनीला काही रक्कम राखून ठेवावी लागते. ठरलेल्या रकमेच्या दीडपट ती असावी, असा दंडक आहे. या कंपनीची शिल्लक त्याच्या खाली गेली. तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने हुकूम काढला. १५ नोव्हेंबर २०१९ पासून या कंपनीने नवे विमे विकायचे नाहीत. चालू असलेले विमे, त्यांची देणी आणि त्यासाठीचा पैसा रिलायन्स जनरल इन्शुरन्स या दुसऱ्या कंपनीकडे द्यायचा. म्हणजे कंपनी वर्षभरात थांबली, पण विमेदार उघड्यावर पडले नाहीत.

कधी एक कंपनी दुसरीत मिसळते. २०२० साली अपोलो म्युनिक ही आरोग्य विम्याची कंपनी एचडीएफसी अर्गोमध्ये गेली. अशा वेळी पाटी बदलते. विमा मात्र पुढे चालू राहतो. सरलेली वर्षेही कायम राहतात.

कधी कंपनी राहते, पण एखादी योजना बंद करते. माझे तसेच झाले होते. तेव्हा कंपनीने आपल्याला आधी कळवावे लागते आणि आपल्याच दुसऱ्या योजनेत जाण्याची वाट द्यावी लागते. त्या वाटेने वेळेवर गेलो, तर सरलेली वर्षे बुडत नाहीत.

आपल्या पसंतीची कंपनी कशी निवडावी?

माझ्या विद्यार्थ्याने नव्या कंपनीला फोन लावला. त्याची दोन वर्षे कायम होती. पण एक अडचण निघाली. तालुक्याच्या ज्या इस्पितळात ते नेहमी जातात, ते नव्या कंपनीच्या यादीत नव्हते. तिथे आधी आपले पैसे भरावे लागणार आणि मागून मागावे लागणार.

"मग अडकलोच की!" तो म्हणाला.

"अडकला नाहीस," मी म्हणालो. "कलम उपटायचं नाही, पण मुळांसकट आणि मातीच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावता येतं."

१ ऑक्टोबर २०११ पासून आपल्या देशात ही सोय आहे. तिला पोर्टेबिलिटी म्हणतात. मोबाइलचा नंबर तोच ठेवून आपण कंपनी बदलतो ना? तसेच इथे सरलेली वर्षे बरोबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येते. मात्र त्याची रीत पाळली पाहिजे. ती अशी:

पहिले, तारीख पाहा. दर वर्षी विमा पुन्हा चालू करण्याची एक तारीख असते. कंपनी बदलायची ती त्याच वेळी. या तारखेच्या निदान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे अर्ज द्यावा. ६० दिवसांहून आधीही देऊ नये.

दुसरे, अर्जावर "पोर्टेबिलिटी" असेच लिहिले आहे ना, ते स्वतः वाचून पाहा. एजंटाने नव्या विम्याचा साधा अर्ज पुढे केला, तर सही करू नका.

तिसरे, जुने कागद जोडा. दर वर्षीची विम्याची प्रत, हप्त्याच्या पावत्या, आधी खर्च मागितला असेल तर त्याचे कागद. नवी कंपनी जुन्या कंपनीकडूनही माहिती मागवते. जुन्या कंपनीने ती ७२ तासांत द्यावी आणि माहिती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत होय की नाही ते सांगावे, असा २०२४ चा नियम आहे.

चौथे, दुखणे लपवू नका. हप्ता वाढेल म्हणून साखर, रक्तदाब, दमा लपवला, तर ऐन वेळी खर्च नाकारला जातो. सगळे हप्ते मग खरोखरच पाण्यात जातात.

पाचवे, रक्कम समजून घ्या. जुना विमा तीन लाखांचा होता आणि नवा पाच लाखांचा घेतला, तर सरलेली वर्षे जुन्या तीन लाखांपुरती धरतात. वाढीव दोन लाखांसाठी थांबण्याचा काळ पहिल्यापासून मोजतात.

सहावे, नवा विमा हाती पडेपर्यंत जुना सोडू नका. नवी कंपनी नाही म्हणू शकते. तिला तो अधिकार आहे.

आणि तसेच झाले. पहिल्या कंपनीने साखरेचा आजार पाहून नकार दिला. पण अर्ज वेळेवर गेला होता, म्हणून हातात दिवस होते. जुना विमाही चालू होता. दुसऱ्या कंपनीने त्याला घेतले. तालुक्याचे इस्पितळ तिच्या यादीत होते. हप्ता थोडा जास्त बसला. एजंट सांगत होता तेवढा स्वस्त नव्हता. तरी त्याने भरला.

विमा मिळेपर्यंत, आणि मिळाला नाही तरी

सगळ्यांनाच हप्ता परवडत नाही. वय झाल्यावर कंपन्या खळखळ करतात. अशांनी हात टेकून बसू नये. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, राज्यातल्या कुटुंबाला योजनेतल्या इस्पितळात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. पैसे भरावे लागत नाहीत. सगळी दुखणी आणि सगळी इस्पितळे मात्र तिच्यात नाहीत. म्हणून आधी चौकशी करावी. इस्पितळात "आरोग्यमित्र" बसतो, त्याला विचारावे. फोन १५५३८८ वर करावा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवावे.

ज्यांचे वय ७० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. श्रीमंत-गरीब असा भेद त्यात नाही. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचे कार्ड काढले आहे का, ते आजच बघा.

विम्याची कंपनी दाद देत नसेल, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. १५५२५५ या फोनवर प्राधिकरणाकडे तक्रार सांगता येते. महिनाभरात कंपनीकडून समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याच्या कचेऱ्या मुंबईला आणि पुण्याला आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आपल्या हाताने लिहिलेला अर्ज चालतो.

पुढे काय झाले?

उरलेले एक वर्ष सरले. त्यानंतरच्या वैशाखात सूनबाईच्या पायाला जखम झाली. साखरेमुळे ती चिघळली. सहा दिवस इस्पितळात राहावे लागले. बिल कंपनीने भरले. पाय वाचला.

घरी आल्यावर दोघे नवराबायको माझ्याकडे आले. त्याने पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. डबीत विम्याचे सारे कागद सालवार लावून ठेवले होते. वर एक चिठ्ठी डकवलेली होती. चिठ्ठीवर सूनबाईने आपल्या हाताने विम्याची तारीख लिहिली होती. अक्षर नुकतेच वळण धरू लागलेले. पण तारीख बरोबर होती.

आमच्या घरातून यांनी ती डबी हातात घेऊन पाहिली आणि मला म्हणाल्या, "असली एक आपल्यालाही आणा."

मी दुसऱ्याच दिवशी आणली.