कार्ताझ: हॅब्सबर्गांचा दर्यावरचा परवाना

न्हावा-शेवा बंदरातून आज कागदपत्रांवाचून एकही कंटेनर सुटत नाही. चारशे वर्षांपूर्वी याच बंदराशेजारच्या करंजावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजालाही कागद लागे. त्याचं नाव कार्ताझ. 1580 मध्ये स्पेनचा हॅब्सबर्ग राजा दुसरा फिलिप पोर्तुगालच्या गादीचाही धनी झाला आणि 1640 पर्यंत करंजा, वसई, चौल ही पोर्तुगीज ठाणी त्याच्या घराण्याकडे राहिली. माझ्या मते या साठ वर्षांत इथल्या सत्तेचा कणा तोफांपेक्षा हा कागद होता. त्याची पत गेली, तशी सत्ताही खचली.

कार्ताझचं मूळ अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद. त्यावर जहाजाचं आणि नाखव्याचं नाव, आकार, शस्त्रं, निघण्या-पोहोचण्याची बंदरं लिहिलेली असत. मिरीसारखा राजाच्या मक्त्याचा माल भरायचा नाही आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरायची, या अटी असत. परवाना नसला तर जहाज मालासकट जप्त होई. मक्केकडे जाणारी मुघलांची जहाजंही तो घेत. यावर कोणी म्हणेल, ही पद्धत फिलिपच्या आधीची, आणि 1581 मध्ये तोमार इथे त्याने पोर्तुगीज कारभार पोर्तुगिजांच्याच हाती ठेवायचं वचन दिलं होतं. मग यात स्पेनचं काय? कारभार पोर्तुगीजच राहिला, पण शत्रू स्पेनचे वाट्याला आले. बंडखोर डचांना फिलिपने आपली बंदरं बंद केली. ते स्वतःच पूर्वेकडे निघाले आणि 1602 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. 1622 मध्ये इराणी आणि इंग्रजांनी मिळून होर्मुझ हे पोर्तुगीज ठाणं घेतलं.

दुसरा आक्षेप तोफांचा. 1594 मध्ये चौलसमोरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून लढूनच घेतला, हे खरं. पण किल्ला खाडीचं तोंड राखतो. भर समुद्रातल्या प्रत्येक जहाजामागे आरमार धाडता येत नाही. व्यापारी पैसे मोजत ते कागदावरच्या भरवशाचे. 1613 मध्ये तो भरवसाच मोडला. जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. मुघलांनी त्यांचा व्यापार रोखला, दमणला वेढा घातला आणि सुरतेत इंग्रजांचं पारडं जड झालं. पुढे डच आणि इंग्रजांचेही परवाने चालू लागले. अठराव्या शतकाच्या आरंभी याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे आपला दस्तक, म्हणजे परवाना, मागू लागले, तेव्हा मराठी आरमारानेही तीच खूण ओळखली होती: दर्या त्याचा, ज्याचा कागद नाखवा विश्वासाने जवळ बाळगतो.