मृत्यूचे कारण : हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या अभ्यासाची साधने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्याच हाताखाली मी या शाळेत अक्षर गिरवायला शिकलो. त्यामुळे निमंत्रण येताच मी होकार दिला. विषय मात्र पाहून काहींनी भुवया उंचावल्या असतील. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या आकडेवारीविषयी काय बोलावे? मी वैद्य नाही, संख्याशास्त्रज्ञ तर नाहीच. परंतु या विषयाच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि तो शब्द मी एकदा चुकीचा वापरला. आजचे हे विवेचन म्हणजे त्या चुकीची कबुली आहे.

गुरुजी १९८७ साली गेले. पहाटे गोदावरीच्या घाटावरून परतताना त्यांच्या उजव्या हातातला तांब्या गळून पडला. तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द अडखळू लागले. गावाने निदान केले, 'अंगावरून वारं गेलं.' तेल चोळणे झाले, काढे झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातच देह ठेवला. चिरंजीव दुःखात होते, म्हणून मृत्यूची खबर द्यायला मी गेलो. नोंद करणाऱ्या गृहस्थाने विचारले, "कारण काय लिहू?" मी तेव्हा नुकताच पीएच.डी. झालेला. 'वारं गेलं' हे मला अडाणीपणाचे वाटले. मी भारदस्त मराठीत सांगितले, "हृदयक्रिया बंद पडली." त्याने तेलुगूत लिहिले, 'गुंडेपोटु.' तेलुगू मला वाचता येते. गुंडेपोटु म्हणजे हृदयविकाराचा झटका. मी काही बोललो नाही. अर्थ तोच, असे मला वाटले.

अर्थ तो नव्हता. काही वर्षांपूर्वी गुरुजींची नात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करीत असताना मजकडे आली. तिने सहज विचारले, "काका, आजोबा कशानं गेले?" मी म्हणालो, "हृदयविकारानं." ती म्हणाली, "पण बाबा सांगतात, हातातला तांब्या पडला, बोलता येईना. मग तो तर पक्षाघात झाला!" तिच्या पुढच्या वाक्याने मी गप्प झालो. "म्हणजे काका, मी ज्या आकड्यांवर प्रबंध लिहिणार, त्यातला एक तुम्ही चुकवलाय." त्यानंतर कित्येक महिने मी तिच्याबरोबर हे आकडे कोठून येतात, याचा शोध घेतला. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे नाव देऊन आपल्याला एक शिस्त लावून दिली: कागद कोणी लिहिला, कोणासाठी आणि केव्हा, हे विचारल्याविना त्यावर विसंबू नये. आरोग्याच्या आकड्यांनाही तीच कसोटी लावावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

१. नोंदवही

पहिले साधन म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. या कायद्यातील एक गोष्ट अभ्यासकाने प्रथम ध्यानात ठेवावी: मृत्यू जेथे घडला तेथे तो नोंदला जातो, माणूस जेथे राहत होता तेथे नव्हे. बासरचा रुग्ण निजामाबादच्या किंवा नांदेडच्या रुग्णालयात दगावला, तर त्याची नोंद तेथील वहीत होते. निवासाचा पत्ता वेगळ्या रकान्यात असतो. तो पाहिला नाही, तर रुग्णालये असलेली शहरे विनाकारण रोगट दिसतात आणि आपली गावे विनाकारण निरोगी.

दुसरी गोष्ट अशी की, घरच्यांना मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेले नसते. तसे ते उघड करू नये, अशी कायद्यातच तरतूद आहे. दाखले गोळा करून रोगांचा अभ्यास होत नाही. त्यासाठी भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाचे वार्षिक अहवाल पाहावे लागतात.

२. डॉक्टरांचे प्रमाणपत्र

रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतात, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ. या नमुन्यात कारणांची साखळी उतरत्या क्रमाने लिहायची असते: प्रत्यक्ष कारण कोणते, ते कशामुळे उद्भवले, आणि त्याच्याही मुळाशी कोणता रोग होता. उदाहरणार्थ, मेंदूतील रक्तस्राव, आणि त्याखाली दीर्घकाळचा उच्च रक्तदाब. नमुन्यावरच सूचना असते की, हृदय बंद पडणे यासारखी मरणाची रीत लिहू नये, रोग लिहावा. ही सूचना वाचली तेव्हा मला माझेच वाक्य आठवले. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. ते मरणाचे कारण नव्हे. ते मरणच होय.

कारणांना मग आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक दिले जातात. दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या रोगांना 'आय' हे अक्षर आहे: आय-२० ते आय-२५ हे हृदयाचा रक्तपुरवठा खुंटल्याने होणारे विकार, आय-६० ते आय-६९ हे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे. अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली आणि तिने पक्षाघाताला रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून काढून मज्जासंस्थेच्या प्रकरणात बसविले. दोन आवृत्त्यांचे आकडे शेजारी ठेवणाऱ्याने हे स्थलांतर विसरू नये; नाहीतर रोग कमी झाला, असे वाटेल आणि प्रत्यक्षात फक्त त्याची खोली बदललेली असेल. 'वार्धक्य' किंवा 'हृदय बंद पडले' अशा नोंदींनाही संकेतांक आहेत, पण अभ्यासक त्यांना निरुपयोगी समजतात.

२०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. त्या प्रमाणित मृत्यूंत ३२.१ टक्के रक्ताभिसरणाच्या रोगांचे होते. हा दुसरा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, पहिला क्वचितच. प्रमाणपत्र मुख्यतः रुग्णालयात मिळते, म्हणजे या आकड्यात शहराचा आवाज मोठा आणि खेड्याचा क्षीण आहे. २०२३ च्या दुरुस्तीने सर्व वैद्यकीय संस्थांना, मग त्या सरकारी असोत की खाजगी, हे प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले आहे. परंतु जो घरीच गेला, त्याचे काय?

३. घरच्यांची साक्ष

येथे तिसरे साधन येते, आणि भाषेच्या माणसाला ते सर्वांत जवळचे आहे. इंग्रजीत त्याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. आपण 'घरच्यांची साक्ष' म्हणू. प्रशिक्षित कार्यकर्ता मृताच्या घरी जातो, ठरावीक प्रश्न विचारतो आणि शेवटच्या आजाराची हकीकत घरच्यांच्याच भाषेत लिहून घेतो. ती हकीकत दोन डॉक्टर परस्परांना न विचारता वाचतात आणि कारण ठरवितात. मतभेद मिटला नाही, तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निवाडा देतो.

महानिबंधकांची नमुना नोंदणी पद्धती १९७० च्या सुमारास देशभर लागू झाली. तिच्यातील कुटुंबांच्या आधारे डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१४ या काळातील मृत्यूंचा जो अभ्यास केला, तो 'मिलियन डेथ स्टडी' या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या गोदावरीच्या मुखाकडे, पूर्व व पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतील ४५ खेड्यांतही २००३-०४ मध्ये असाच अभ्यास झाला. १,३५४ मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के रक्ताभिसरणाच्या रोगांनी झाल्याचे त्यात आढळले. हृदयविकार व पक्षाघात यांचा वाटा जवळजवळ सारखाच होता.

मराठी मुलुखातील उदाहरण गडचिरोलीचे. तेथील वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीलाच मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे यांनी सहकाऱ्यांसह ८६ गावांतील मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे होते. कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी दर दहांत जवळजवळ नऊ जण घरीच गेले. रुग्णालयाच्या कागदांवर विसंबले असते, तर ही माणसे कोणाला दिसलीच नसती.

या साधनाचे यश ऐकण्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे कोणी 'पक्षाघात झाला' असे म्हणत नाही. 'लकवा मारला', 'अर्धांग झालं', 'वारं गेलं', 'एक बाजू लुळी पडली' असे म्हणतात. शेजारचे तेलुगू घर 'पक्षवातम्' म्हणते. 'छातीत कळ आली', 'डाव्या हाताला मुंग्या आल्या', 'घाम फुटला आणि बसल्या जागी गेला' ही हृदयविकाराची भाषा. ज्या शब्दाला मी १९८७ साली अडाणी समजलो, तो 'वारं गेलं' हाच त्या दिवशीचा सर्वांत अचूक पुरावा होता.

४. जगलेल्यांचा हिशेब

मृत्यूचे आकडे ही अर्धीच कथा. पक्षाघातातून वाचून अंथरुणाला खिळलेला माणूस मृत्यूच्या वहीत नसतो. त्याच्यासाठी रोगनोंदणी लागते. ठरावीक वस्तीत झटका आलेला प्रत्येक रुग्ण, मग तो रुग्णालयात असो वा घरी, शोधून काढायचा आणि नोंदायचा. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये अशी नोंद केली. वर्षाला लाखामागे १४५ नवे रुग्ण आढळले आणि त्यांतील सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. अर्थात सुमारे ७० टक्के जगले. कसे जगले, हा प्रश्न मृत्यूच्या आकड्यांना विचारता येत नाही.

धोका किती जणांच्या अंगी आहे, हे सर्वेक्षणांतून कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ ची. रक्तदाब आणि रक्तशर्करा देशभर मोजण्यास चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, आरंभ झाला. पाचवी फेरी २०१९-२१ ची. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था हे काम पाहते, आणि प्रत्येक जिल्ह्याचे माहितीपत्रक कोणालाही विनामूल्य वाचता येते. मात्र चौथ्या फेरीत ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रिया व ५४ वर्षांपर्यंतचे पुरुष मोजले होते, पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील सर्व. दोन फेऱ्यांतील टक्केवारी वाढलेली दिसली, तर रक्तदाब वाढला की मोजलेल्यांचे वय वाढले, हे आधी पाहावे. पंचेचाळिशीपुढील लोकांसाठी याच संस्थेने २०१७-१८ मध्ये ७२,००० हून अधिक व्यक्तींचे स्वतंत्र सर्वेक्षण केले. हृदयविकार व पक्षाघात झाला होता काय, हेही त्यात विचारले आहे.

५. बासरचे चार पत्ते

आता आपल्या गावापुरते. गुरुजींच्या नातीने मला विचारले, "काका, बासरचे आकडे कोणत्या जिल्ह्यात शोधू?" प्रश्न साधा, उत्तर अवघड. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातील नांदेड जिल्ह्यात, मुधोळ तालुक्यात होतो. राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्यात आणि आंध्र प्रदेशात गेली. २०१४ साली राज्य तेलंगणा झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्मल जिल्हा निराळा निघाला आणि बासर त्यात आले. म्हणजे कुटुंब सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत आपण 'आदिलाबाद' या नावाखाली आहोत, पाचवीत 'निर्मल' या नावाखाली. दोन्ही फेऱ्यांतील 'आदिलाबाद' शेजारी ठेवून तुलना करणारा दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना करीत असतो. शारदेचे मंदिर जागचे हलले नाही, नदीने घाट सोडला नाही. कागदावर मात्र गाव तीनदा स्थलांतरित झाले. सीमेवरच्या माणसाला हे पटवून द्यायची गरज नाही.

६. समारोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात १ कोटी ७९ लाख माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनी गेली. त्यांतील ८५ टक्के हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांनी. भारतात एकूण मृत्यूंतील या रोगांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. असे आकडे वाचताना पाच प्रश्न विचारावेत. कोणाला मोजले? कोठे मोजले? कारण कोणी सांगितले? कोणत्या शब्दांत सांगितले? आणि मोजमापाची सीमा मध्येच बदलली काय? ही उत्तरे ज्या आकड्यापाशी आहेत तो साधन, बाकीचा ऐकीव.

हा केवळ प्रबंधांचा प्रश्न नाही. रक्ताच्या गाठीने झालेल्या पक्षाघातावर गाठ विरघळविणारे औषध आहे, पण ते साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन हवे. ज्या तालुक्यातील पक्षाघात 'हृदय' किंवा 'वार्धक्य' म्हणून नोंदले जातात, तेथे ते यंत्र हवे, हे सांगणार तरी कोण? घरातही तेच. वडील हृदयविकाराने गेले, या समजुतीत गुरुजींचे चिरंजीव छाती दुखते का, एवढेच पाहत राहिले. लेकीने हट्टाने रक्तदाब मोजविला, तेव्हा तो बराच चढलेला निघाला. आज ते नियमाने गोळ्या घेतात आणि या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत.

माजी विद्यार्थिमित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. घरात किंवा शेजारी मृत्यू झाला आणि "कारण काय लिहू?" असे कोणी विचारले, तर मोठा शब्द शोधू नका. डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तर ते द्या. नसेल तर काय पाहिले ते सांगा: कोणती बाजू लुळी पडली, बोलणे केव्हा थांबले, कळ कोठे आली. गुरुजी आमच्या वह्यांतला चुकलेला शब्द लाल शाईने खोडीत आणि योग्य शब्द आमच्याकडूनच लिहवून घेत. त्यांच्या स्वतःच्या नोंदीतला माझा शब्द तेवढा तपासायचा राहिला होता. तो आज या व्यासपीठावरून दुरुस्त करतो. गुरुजी पक्षाघाताने गेले.