चित्र, चित्रफीत आणि जाणती नजर

गोदाकाठचे सायखेडा हे निफाड तालुक्यातील कांद्याच्या बाजारपेठेचे गाव. येथील व्यापारी कुटुंबांत दिवसाचा बराच वेळ गादीवर बसण्यात जातो आणि मधूनच एखादी गोणी उचलण्याचा प्रसंग येतो. दोन्हींचा भार कंबर व गुडघे यांवर पडतो. त्यावर उपाय म्हणून घरोघरी मोबाईलवरील चित्रफिती पाहून व्यायाम सुरू होतो. परंतु व्यायामाने जसे बळ येते, तशी चुकीच्या व्यायामाने इजाही होते. म्हणून तो कोणत्या साधनाने शिकावा, याचा विचार आवश्यक आहे.

याच तालुक्यातील कोठुरे हे मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर यांचे जन्मगाव मानले जाते. त्या परंपरेत वस्तादाची नजर हेच शिक्षणाचे मुख्य माध्यम होते. खांबाला एरंडेल चोळणे, आखाड्याची माती भुसभुशीत ठेवणे, हे इजा टाळण्याचे उपाय शिष्य प्रत्यक्ष पाहून शिकत.

विसाव्या शतकात नवी माध्यमे आली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून आसनांची छायाचित्रे व प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ग्रंथांद्वारे सूर्यनमस्कारांचा प्रसार केला; १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला.

प्रत्येक माध्यमाची शक्ती निराळी आहे. चित्रातून शरीराची अंतिम स्थिती कळते. तेथवर पोहोचण्याची वाट कळत नाही. चित्रफितीतून हालचालीचा क्रम व गती दिसते. ध्वनिफितीने श्वासाची लय सांभाळता येते आणि मान वळवून पडद्याकडे पाहावे लागत नाही. आरशात स्वतःचा कल दिसतो. मात्र पाठीला बाक आला, गुडघा आत वळला, हे सांगणारी जाणती नजर यांपैकी कोणातही नाही. यास्तव आरंभीचे काही दिवस प्रशिक्षकासमोर घालवावेत. नंतर घरातील व्यक्तीने बाजूने चित्रफीत काढून ती त्यांना दाखवावी.

घरातील नियम साधे आहेत. आधी पाच-दहा मिनिटे सांधे मोकळे करावेत. गोणी उचलताना गुडघे वाकवावेत, भार अंगालगत घ्यावा आणि कंबरेतून न वळता पावले फिरवावीत. हीच कृती चित्ररूपाने गोदामाच्या भिंतीवर लावल्यास हमालबांधवांनाही उपयोगी पडेल.

चौविहार पाळणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. सूर्यास्तापासून शरीराला पाणी मिळालेले नसते. त्यामुळे नवकारसीपूर्वी हलक्या हालचाली कराव्यात. कष्टाचा व्यायाम पाणी घेतल्यानंतरच करावा. उपवासाच्या दिवशी तर तो टाळावाच. ज्येष्ठांना गुडघेदुखीमुळे खाली बसून वंदना जमत नसेल, तर खुर्चीचा आधार घेण्यात संकोच नसावा.

छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा पायात बधिरता जाणवणे ही थांबण्याची खूण होय. अशा वेळी तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा. पडद्यावरील व्यक्तीला पाहणाऱ्याचे वय, वजन वा जुने दुखणे ठाऊक नसते. आपला हिशेब जसा दुसऱ्याच्या वहीवरून मांडता येत नाही, तसाच व्यायामही दुसऱ्याच्या मापाने करता येत नाही.