निवड नसलेल्या कॉलेजातलं स्वातंत्र्य

मागच्या व्याख्यानात आपण ‘लिबरल’ या शब्दाचं मूळ पाहिलं. लॅटिनमध्ये तो शब्द मुक्त माणसाशी जोडलेला आहे. गुलामाला नव्हे, तर मुक्त नागरिकाला साजेशा विद्या त्या ‘लिबरल आर्ट्स’. मध्ययुगीन युरोपात त्या सात मानत. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चार. म्हणजे आपण जिला ‘आर्ट्स साइड’ म्हणतो, ती ही नव्हे. सातांपैकी चार विद्या तर गणिताच्याच गोतावळ्यातल्या आहेत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे बहुविद्याशाखीय शिक्षण, मेजर, मायनर हे शब्द घरोघरी पोचले. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “म्हणजे मुलांना हवे ते विषय घेता येणार ना?” प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. स्वातंत्र्य म्हणजे निवड, हे ते गृहीतक. ते तपासायला आज आपण अमेरिकेतलं एक खासगी कॉलेज पाहू. ते लिबरल आर्ट्सचं कट्टर कॉलेज म्हणून ओळखलं जातं आणि तिथे विषयांची निवड जवळजवळ नाहीच.

मेरीलँड राज्यातल्या ॲनापोलिस शहरातलं हे सेंट जॉन्स कॉलेज. नाव संताचं असलं तरी ते कोणत्याही चर्चचं नाही. त्याचं मूळ १६९६च्या एका शाळेत आहे, कॉलेजची सनद १७८४ची. पण आजचं रूप आलं ते १९३७ साली. कॉलेज तेव्हा डबघाईला आलं होतं. स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्युकॅनन या दोघांनी त्याची सूत्रं घेतली आणि एकच अभ्यासक्रम सगळ्यांना लागू केला. १९६४ साली न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे दुसरा परिसर सुरू झाला.

हा अभ्यासक्रम असा. चार वर्षं गणित. तीन वर्षं प्रयोगशाळा. दोन वर्षं प्राचीन ग्रीक, दोन वर्षं फ्रेंच. शिवाय संगीत. आणि चारही वर्षं मूळ ग्रंथांवरची चर्चा : होमर आणि प्लेटोपासून सुरुवात, पुढे दान्ते, शेक्सपिअर, देकार्त, कांट, टॉलस्टॉय. पाठ्यपुस्तक नाही, गाइड नाही. न्यूटन शिकायचा तर न्यूटनचाच ग्रंथ उघडायचा. शिक्षकांना ‘ट्यूटर’ म्हणतात. आपल्या शिकवणीवाल्या सरांशी गल्लत नको. तिथे विभाग नाहीत. आज ग्रीक शिकवणारा ट्यूटर पुढे प्रयोगशाळेतही उभा राहू शकतो, म्हणजे तोही विद्यार्थ्यांबरोबर शिकत असतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे सेमिनार. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळनंतर, सुमारे दोन तास. एका मोठ्या टेबलाभोवती वीसेक विद्यार्थी आणि दोन ट्यूटर. एक ट्यूटर प्रश्न विचारतो आणि तिथून संभाषण सुरू होतं. व्याख्यान नाही, शेवटी ‘बरोबर उत्तर’ही नाही. सगळे एकमेकांना आडनावाने, आदरार्थी हाक मारतात. ट्यूटरही विद्यार्थ्याला तसंच संबोधतो.

न्यायदर्शनाचा इथे उपयोग होतो. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त खोडत राहणं ही वितंडा. मराठीत ‘वाद घालणं’ म्हणजे भांडण झालं, हे आपलं दुर्दैव. सेमिनारचा सगळा खटाटोप हा जल्पाकडे घसरणारी चर्चा पुन्हा वादाकडे आणण्याचा आहे.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाला युक्लिड असतो आणि विद्यार्थी स्वतः फळ्यापाशी जाऊन सिद्धता मांडतात. पहिल्या पुस्तकातलं पहिलंच विधान : दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा. दोन टोकं केंद्र धरून दोन वर्तुळं काढायची. ती छेदतात तो तिसरा शिरोबिंदू. सोपं आहे. आता समजा, एखादी मुलगी विचारते, “ती छेदतातच, हे कशावरून?” आकृतीत तर दिसतंय! पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. युक्लिडने मांडलेल्या गृहीतकांतून याचं उत्तर निघत नाही. एकोणिसाव्या शतकात भूमितीचा पाया नव्याने घालताना गणितज्ञांना ही फट बुजवावी लागली. परीक्षेला काय येणार एवढंच पाहणाऱ्या वर्गात हा प्रश्न वेळखाऊ ठरतो. इथे तोच आजचा धडा होतो.

मूल्यमापनाची पद्धतही वेगळी आहे. ग्रेड नोंदवतात, पण विद्यार्थ्याने मागितल्याशिवाय त्याला सांगत नाहीत. त्याऐवजी ‘डॉन रॅग’ असतो. सत्राअखेरीस विद्यार्थ्याचे सगळे ट्यूटर एकत्र बसतात आणि त्याच्यासमोरच, तो तिथे नसल्यासारखं, त्याच्याविषयी एकमेकांशी बोलतात. मग त्याला बोलायची संधी मिळते. घाम फोडणारा प्रकार आहे! पण आकड्यामागे लपता येत नाही, विद्यार्थ्यालाही आणि शिक्षकालाही.

तिथलं आयुष्य म्हणजे नुसते ग्रंथच, असंही नाही. शेजारीच अमेरिकेची नौदल अकादमी आहे. १९८२पासून दोन्हीकडचे विद्यार्थी दर वसंतात क्रोकेचा सामना खेळतात. शिस्तीतल्या नौसैनिकांना हे पुस्तकी किडे बहुतेक वेळा हरवतात.

आता आक्षेप. पहिला खर्चाचा. २०१८ साली कॉलेजने वार्षिक शिक्षणशुल्क सुमारे ५२ हजार डॉलरांवरून ३५ हजारांवर आणण्याचं जाहीर केलं. तरीही रक्कम मोठीच आहे. मुक्त माणसाची विद्या पैसेवाल्याची विद्या होऊन बसण्याचा धोका खराच. दुसरा आक्षेप ग्रंथांच्या यादीचा : ती प्रामुख्याने पाश्चात्त्य आहे. सांता फे इथे पौर्वात्य अभिजात ग्रंथांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्यात संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकतात. पण पदवीची मुख्य वाट तीच राहिली. तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत अवघड वाटतो. बुजऱ्या मुलाचं काय? टेबलाभोवती ज्याला बोलता येतं त्याचंच शिक्षण होतं का? ऐकणं हीसुद्धा चर्चेतली कृती आहे, हे म्हणायला ठीक. पण ते ट्यूटरला दिसावं लागतं, आणि त्यासाठी वर्ग वीसांचाच हवा. शंभरांच्या वर्गात ते जमत नाही, हे आपल्याकडचा कुठलाही प्राध्यापक सांगेल.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. निवड नाही, तर या शिक्षणात मुक्त काय आहे? आमचं उत्तर असं. निवड करण्याआधी पारख यावी लागते. अठराव्या वर्षी विषय निवडताना आपण बहुधा बाजारभाव, शेजाऱ्यांची मुलं आणि कट-ऑफ यांच्याच सांगण्यावरून निवडतो. त्या निवडीला आपण आपली म्हणतो, इतकंच. चार माणसांत “हे मला कळलं नाही” असं न लाजता म्हणणं, आणि कळल्यावर आपलं मत बदलणं, हे ज्याला जमलं त्याची निवड त्याची स्वतःची.

त्यासाठी ॲनापोलिसला जायला हवं असं नाही. एक मूळ ग्रंथ, एक खरा प्रश्न आणि न घाबरता बोलू देणारे पाच-सहा सोबती एवढं तर आपल्या गावातल्या वाचनालयातही जमेल. नव्या धोरणात विषयांची यादी लांबते आहे. ती लांबू दे. पण वर्गात “कशावरून?” असं विचारणाऱ्या मुलाला आपण काय उत्तर देतो, ते त्या यादीत लिहिलेलं नसतं.

पुढच्या वेळी आपण न्यायदर्शनातला वाद अधिक बारकाईने पाहू.